भाचीचा व्हिसा

परवा रात्री भाचीचा फोन. ती पुण्यात आयसीयूत रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. २०२१च्या लाटेत पोरीने रात्रीच्या रात्री व्हेंटिलेटरशेजारी काढल्या. "मामा, तू गेलास तसं मला अमेरिकेला जाता येईल?"

शोधायला बसलो आणि गार पडलो. तिथे हे काम असोसिएट डिग्रीवरही मिळतं, म्हणून एच-वन-बी अवघड. ग्रीन कार्डासाठी नर्सेस आणि फिजिओथेरपिस्टना 'शेड्यूल ए'ची सवलत आहे, हिला नाही. परीक्षेला बसायला बहुधा तिथलाच कोर्स पुन्हा करायचा!

त्यामानाने सौदीचा रस्ता सरळ. डेटाफ्लोची कागदपत्रं-पडताळणी, प्रोमेट्रिकची परीक्षा, व्हिसा हॉस्पिटल काढणार. फक्त एजंट तीन लाख मागतोय म्हणे. मी म्हटलं, अगं, नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. ई-मायग्रेटवर त्याचं नाव तरी बघ.

ती गप्प. मग हळूच, "एक लाख दिलेत मामा.. आईच्या बांगड्या मोडून."

ओरडणार होतो. पण मी गेलो तेव्हा व्हिसा, तिकीट सगळं कंपनीने केलं होतं. मी एक कागदसुद्धा नीट वाचला नव्हता. मी कसला ओरडतोय!

असो. सोमवारी रजा टाकलीये. दोघं जाणार आहोत त्याच्याकडे, पावती घेऊन.