कणकुंबीपर्यंत सगळं ठीक!

चोर्ल्याच्या वाटेनं गोव्याला जाणं आम्हा बेळगावकरांना नवं नाही. यंदा नवलाई होती ती भाच्याच्या जुन्या थारची. कंपनीच्या रिमवरच त्यानं मोठे टायर चढवले होते. 235/70 आर 16 काढून 245/75 आर 16. रिम तीच, 16 इंची. टायरचा व्यास मात्र 735 मिलिमीटरवरून 774 वर गेला. गाडी जेमतेम दोन सेंटिमीटर उचलली गेली, भाच्याची छाती त्याहून जास्त फुगली!

जांबोटी गेलं, मलप्रभा जिथं उगम पावते ते कणकुंबी गेलं. पुढं घाटात अवघड वळणावर स्टिअरिंग पुरतं वळवताच खर्रकन आवाज आला. ताईनं नातवाला पोटाशी धरलं. उतरून पाहिलं, तर पुढचं टायर आतून घासत होतं. दुकानात गाडी रिकामी होती. इथं आम्ही सहाजण, शिवाय सामान. भारानं बॉडी खाली बसलेली.

स्पीडोमीटरचंही तेच. पूर्वी काटा 63 दाखवायचा, त्याच वेगाला आता 60च दाखवतो. उतारावर हे कळलेलं बरं. आणि स्टेपनी? ती जुन्याच मापाची!

मागून आलेला ट्रकवाला वाकून बघून म्हणाला, "सावकाश होग्री." तसेच, वळणावर थांबत थांबत केरीला उतरलो.

परतल्यावर जुने टायर पुन्हा चढले. मोठे सध्या ओसरीवर आहेत. नातू त्यांवर बसून गोव्याला जातो.