तुलनात्मक तक्ता आणि आईंचे गुडघे

आमच्या साखळीत कुणी 'गाडी घेतली' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, दोन चाकांची की चार? लग्न होऊन इकडे बालाघाटला आले तर इथंही तेच! गाडी म्हणजे स्कूटर. मोटार असेल तर 'फोरव्हीलर' असं वेगळं सांगावं लागतं. तर सांगायचं म्हणजे, गेल्या दिवाळीनंतर आम्ही फोरव्हीलर घ्यायचं ठरवलं, आणि घरात कुणालाच त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मी बी. ए. मराठी, सरकारी कार्यालयात कारकून. माझे वडील पोर्तुगीज काळात आलेल्या मर्सिडीज टॅक्सींच्या गोष्टी रंगवून सांगायचे. माझा मोटारशी संबंध तेवढाच. आमच्या ह्यांची नजर अधू, म्हणजे चालवणार मीच. लायसन्स काढलं चव्वेचाळिसाव्या वर्षी.

हौस म्हणाल तर नव्हती. सासूबाईंचं ऑपरेशन झाल्यापासून दर तीन महिन्यांनी नागपूरला तपासणीला न्यावं लागतं. बहुतेक वेळा गोंदियाला रेल्वे बदलायची, पुलाच्या पायऱ्या चढायच्या. मागच्या खेपेला आई अर्ध्या जिन्यात बसल्या आणि म्हणाल्या, "आता पुढच्या वेळी नको गं." तपासणीच नको म्हणत होत्या. त्या रात्री मी बँकेचं पासबुक काढलं.

कारकुनाला खरेदी म्हटलं की एकच रीत ठाऊक. तीन दरपत्रकं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, सर्वांत कमी दराला मंजुरी. मी खरंच तक्ता केला! पुतण्या रोज मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो, त्यानं त्यात टॉर्क नावाचा रकाना घालायला लावला. टॉर्क म्हणजे काय ते त्याला विचारलं. "काकू, ते फील होतं," म्हणाला. असो.

तक्ता करताना काही गोष्टी मात्र कळल्या. इतक्या गाड्यांची लांबी बरोबर 3995 मिलिमीटर कशी? तर चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला कर कमी. 22 सप्टेंबर 2025 पासून पेट्रोलच्या 1200 सीसीपर्यंतच्या अशा गाड्यांवर जीएसटी 18 टक्के झाला. म्हणजे गाडीची शेपूट कुठं तोडायची हे अर्थखातं ठरवतं! डिझेल स्वस्त पडेल असं शेजारी सांगत होते. पण 2020 च्या बीएस-6 नियमांनंतर डिझेल गाडीत काजळी अडवणारी जाळी असते, आणि ती साफ व्हायला अधूनमधून सलग लांब पळवावी लागते. माझं कार्यालय घरापासून तीन किलोमीटर. डिझेल कटाप.

शोरूममध्ये मी पुढे, पुतण्या मागे. विक्रेता बोलत होता मात्र पुतण्याशी, "भैयाजी, पिकअप देखिए." भैयाजी एकोणीस वर्षांचे! मी मुकाट्यानं दरपत्रक वाचत बसले, कारण ते काम मला येतं. एक्स-शोरूम किमतीखाली रोड टॅक्स, विमा, आणि शेवटी 'हाताळणी शुल्क'. म्हटलं, हे कुठल्या नियमाखाली? विमा तुमच्याकडूनच घ्यायची सक्ती आहे का? विक्रेत्यानं प्रथमच माझ्याकडे पाहिलं. शुल्काची ओळ खोडली गेली.

दुसऱ्या दिवशी आईंना सोबत नेलं. डिकीवाल्या बुटक्या गाडीत त्यांना विहिरीत उतरल्यासारखं बसावं लागलं, बाहेर काढताना दोघांनी ओढलं. उंच गाडीत पायरीवर पायच पोचेना. वॅगनआरमध्ये मात्र त्या खुर्चीवर टेकावं तशा टेकल्या आणि पाय आत घेतले. चेहऱ्यावर समाधान. माझा तक्ता तिथंच संपला असता, दरही तिचाच कमी.

पण तिच्या तेव्हाच्या मॉडेलला 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला होता. नंतर एअरबॅग वाढवल्या हे खरं. तरी नागपूरच्या रस्त्यावरचे ट्रक, आणि चालवणारी मी, नवशिकी! टाटा पंचला त्याच संस्थेनं 2021 मध्ये पाच तारे दिले होते. तिचा दरवाजा नव्वद अंशात उघडतो, पण बैठक आईंना चार बोटं उंच. किंमतही जास्त.

तीन रात्री झोप नाही. चार बोटं की चार तारे? शेवटी कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं. त्यानं फळीचा एक ठेंगणा पाट करून दिला, वर काथ्या ठोकला. पाट घेऊन पुन्हा शोरूममध्ये गेलो. विक्रेता बघतच राहिला. आई पाटावर चढल्या, टेकल्या, वळल्या, आत! मग स्वतःच हात लांब करून पाट उचलून पायाशी घेतला.

त्या दिवशी पंचचे पैसे भरले. एमपी-50 नंबर लागलाय. माहेरी फोनवर सांगितलं तर भावाचा पहिला प्रश्न, "रंग खंयचो?" तो रकाना तक्त्यात नव्हताच.

पुढची तपासणी बारा तारखेला आहे. सरळ जाते मी ठीक. रिव्हर्समध्ये अजून फाटकाचा खांब मधे येतो.