सीमेवरचा दगड

इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातून वाहणाऱ्या डर्वेंट नदीच्या खोऱ्याची कीर्ती कापडाशी जोडलेली आहे. क्रॉमफर्ड येथे १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइट यांनी पाण्याच्या बळावर चालणारी सूतगिरणी उभारली आणि खोऱ्याचे रूपच पालटले. परंतु त्यापूर्वी शतकभर, याच खोऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगरावरच्या ईम गावात कापडाबरोबर मृत्यू आला होता.

सन १६६५ च्या उन्हाळ्याअखेरीस लंडनहून तेथील शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होते, म्हणून जॉर्ज व्हिकर्स या कारागिराने ते शेकोटीपुढे वाळत घातले. त्यातील पिसवांनी प्लेग आणला, असे परंपरा सांगते. ७ सप्टेंबरला व्हिकर्स दगावला. मग घरोघरी मृत्यू शिरला.

जून १६६६ मध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन व त्यांचे पूर्वसूरी थॉमस स्टॅन्ली यांनी गावकऱ्यांना वेस न ओलांडण्याची विनंती केली. दोघांचे धर्ममत भिन्न होते. तरीही संकटात ते एकत्र आले. मॉम्पेसन यांनी आपली मुले आधीच बाहेरगावी पाठवली होती, हेही विसरता येत नाही. पत्नी कॅथरिन मात्र गावातच राहिली आणि ऑगस्टमध्ये गेली.

वेस बंद झाली तरी पोट बंद होत नाही. ईम आणि स्टोनी मिडलटन यांच्या सीमेवर एक दगड आहे, त्याला खळगे आहेत. ईमकर त्यांत व्हिनेगार ओतून नाणी ठेवीत. शेजारगावचे लोक धान्य ठेवून पैसे नेत. देणारा-घेणारा समोरासमोर नाहीत, हुज्जत घालायला कोणी जवळ येणार नाही, आणि तरीही देणेघेणे चालू राहिले. चॅट्सवर्थच्या अर्लनेही रसद पुरवली.

ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने आठ दिवसांत पती आणि सहा अपत्ये आपल्या हातांनी पुरली. नोव्हेंबरमध्ये साथ थांबली, तोवर सुमारे २६० जण गेले होते. कोंडून राहिल्यानेच गावात अधिक माणसे मेली काय, याविषयी अभ्यासकांत आजही वाद आहे. वाद योग्यच आहे. पण वेशीआत राहिलेल्यांना त्याचा निकाल ठाऊक नव्हता.

हॅनकॉक कुटुंबाच्या कबरी गावाबाहेरील शेतात दगडी कुंपणात आहेत. सीमेवरचा दगडही तसाच पायवाटेकडेला आहे. पावसाचे पाणी त्याच्या खळग्यांत साचते.