आईचा आशी...

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, हे बावन्न दरवाजांचं शहर. पाहुणा आला की त्याला बीबी का मकबरा, पाणचक्की आणि वेरूळ दाखवायचं, हे आमच्या घरी ठरलेलं. पण दिवाळीच्या सुट्टीत माझा आठवीतला भाचा आणि सहावीतली भाची आली, तेव्हा त्यांनी मकबऱ्याचं नावसुद्धा काढलं नाही. पिशव्या खाली टाकल्या आणि दोघं ओरडली, "मामा, आधी आबांची जीप!"

आबा म्हणजे माझे वडील. त्यांची १९६८ सालची महिंद्र जीप कितीतरी वर्षं शेतातल्या गोठ्याशेजारी उभी होती. चाकं मातीत रुतलेली, सीटवर कोंबड्यांचं बिऱ्हाड. ती मी शहरात आणली आणि दिल्ली दरवाजाजवळच्या एका गल्लीतल्या गॅरेजमध्ये उभी केली. तिथले म्हातारे मिस्त्री म्हणजे आम्हा सगळ्यांचे चाचा.

खरं तर आमचं शहर नव्या गाड्यांचं. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडायला लागले. चिकलठाण्याला एस. टी. महामंडळाची मोठी कार्यशाळा आहे, तिथे लाल बसगाड्या बांधल्या गेल्या. पण चाचांच्या गल्लीत नवं काही बनत नाही. तिथे जुनं जगवलं जातं.

आता जीपची थोडी ओळख करून घेऊ या, बरं का! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हलकी, कुठेही चढणारी गाडी हवी होती. तिचा पहिला नमुना १९४० साली बँटम नावाच्या छोट्या कंपनीने केला. पुढे विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपत आलं, तेव्हा प्रश्न पडला, आता या गाड्या घेणार कोण? विलिजने उत्तर शोधलं: शेतकरी! म्हणून १९४५ साली जीपला मागे खाली पाडता येणारा फाळका बसवला. लढाईतल्या जीपला तो नव्हता. फाळका आला आणि जीप म्हणजे एक छोटासा पिकअप ट्रकच झाला. पुढे माणसं, मागे हौद्यात माल. आपल्याकडे १९४७ साली मुंबईत महिंद्रने परदेशातून आलेले भाग जोडून जीप उभी केली, आणि पुढे ती इथेच बनू लागली.

आमच्या जीपचं नाक उंच आहे. भाचीने विचारलं, "हिचं बोनेट असं फुगलेलं का?" चाचांनी बोनेट उघडून दाखवलं. या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या झाकणात असतात, म्हणून इंजिन आधीच्यापेक्षा उंच झालं. इंजिन मावेना, तेव्हा कंपनीने बोनेटच वर उचललं.

गॅरेजमधला पहिला नियम होता, "जो खोला, वो लिखो." भाचीने वहीच केली. प्रत्येक नट-बोल्ट डब्यात, डब्यावर चिठ्ठी, आणि खोलण्याआधी फोटो. इंजिन जाम होतं. चाचांनी चारही प्लग काढले, भोकांतून तेल सोडलं आणि चार दिवस हातसुद्धा लावला नाही. भाचा अगदी अधीर झाला. "हँडल मारून बघू ना!" चाचा म्हणाले, "नक्को बेटा, जल्दी नक्को करो. ताकद लगायेंगे तो अंदर टूटेगा." पाचव्या दिवशी हँडल घातलं, आणि काय आश्चर्य, इंजिन फिरलं!

भाच्याच्या डोक्यात मात्र वेगळीच जीप होती. रुंद टायर, डिझेल इंजिन, छतावर दिव्यांची रांग आणि मोठ्ठा भोंगा. मी त्याला सांगितलं, "अरे, मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रूपापासून गाडी मनाला येईल तशी बदलता येत नाही." शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम केले. मूळ रूप राखलेल्या अशा गाडीला 'व्हीए' ही अक्षरं असलेला खास नंबर मिळू शकतो. मग ती रोज वापरता येत नाही, पण प्रदर्शनात, रॅलीत नेता येते. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केला, की ही संधी गेलीच. भाचा ऐकून घेत होता, पण तोंड पाडून.

आणि त्याच दुपारी तो प्रकार घडला.

चाचांनी त्याला मडगार्ड घासायला दिलं होतं. ते झालं, म्हणून साहेबांनी कुणाला न विचारता फाळका घासायला घेतला. उजव्या टोकापासून, खसाखसा, पत्रा चमकेपर्यंत. भाची शेजारून जात होती, ती थबकली. "दादा, पूड पिवळी का येतेय?"

हिरव्या रंगाखाली पिवळी अक्षरं होती! चाचा धावत आले. "बस करो!" मग त्यांनी पाणी लावून, बारीक कागदाने, बोटाच्या टोकाने उरलेला हिरवा रंग हळूहळू काढला. अक्षरं वर आली, 'आईचा आशी'. पुढे नुसता चकचकीत पत्रा. 'र्वाद' गेला होता.

रात्री माझ्या आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुमच्या आबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं ते. सासूबाईंनी पाटल्या मोडून जीपला पैसे दिले. पहिली मोसंबी मोंढ्यावर नेण्याआधी यांनी ब्रश घेतला. पुढे गाडी रंगवली, तेव्हा ते झाकलं गेलं. मीसुद्धा विसरले होते." भाचा त्या रात्री जेवला नाही.

सकाळी त्याने उपाय आणला. "मामा, पेंटरकडून पूर्ण लिहून घेऊ. वरून व्हार्निश मारू, म्हणजे कायमचं टिकेल." मी म्हटलं, "आज अजिंठ्याला जाऊ, मग ठरव."

लाल एस. टी.ने निघालो. हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड करत शंभरेक किलोमीटर. घाट उतरलो, फर्दापूरच्या फाट्यावरून लेण्यांची बस पकडली. पहिल्या लेण्यात, मंद उजेडात, कमळ हातात धरलेला पद्मपाणी पाहिला. दोघंही न सांगता कुजबुजत बोलू लागली. तिथे मी त्यांना एक गोष्ट सांगितली, ती खरी आहे.

अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने ही चित्रं वाचवायला इटलीहून लॉरेन्झो चेकोनी नावाचे तज्ज्ञ बोलावले. त्यांनी भिंतीपासून सुटलेले पोपडे परत चिकटवले, हे फार मोठं काम. पण चित्रांवर लाखेचं व्हार्निशही दिलं. हेतू चांगलाच होता. वर्षं गेली, तसं ते व्हार्निश पिवळं पडलं आणि चित्रं काळवंडली. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते मोठ्या काळजीने थोडं थोडं काढावं लागलं.

"आणि जिथे चित्र पडून गेलंय, तिथे बघ," मी म्हटलं. तिथे साधा गिलावा होता. कुणी आपल्या मनाने हात, डोळे, दागिने काढलेले नव्हते. भाचा बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये त्याने चाचांना विचारलं, "मग आम्ही काहीच नवीन लावायचं नाही का?" चाचा हसले. "लगाओ ना! जो कल खोल सको, वो लगाओ."

मग दोघांनी यादी केली. ब्रेक आणि वायरिंग नवीन, कारण तिथे जिवाशी गाठ. सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा. वेल्डिंग चाललं असताना मुलांनी लांब राहायचं, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, अगदी चाचासुद्धा नाही. हौद्यात बसायला लाकडी बाक, पण चार बोल्टांवर, केव्हाही काढता येईल असा. ताडपत्रीचं छत, बक्कल लावून. सीटला पैठणीच्या काठासारखं कव्हर, ही भाचीची हौस. आणि फाळक्यावर नुसतं मेण. पुसलं की निघतं, पावसाआधी पुन्हा लावायचं. ते काम भाच्याने मागून घेतलं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी जीप बाहेर काढली. सगळ्यांत पुढे आजी बसली. दिल्ली दरवाजा, मग सलीम अली सरोवरापर्यंत फेरी. वाटेत एक रिक्षावाले काका मागे थांबले होते. त्यांनी मान वाकडी करून फाळका वाचला आणि मोठ्याने म्हणाले, "आईचा आशी... र्वाद! अरे, पुढचं लिहायचं राहिलं की तुमचं!"

भाचा बाकावरून वळला. "राहिलं नाही, काका. तुम्ही म्हणालात ना!"