किलोभराची बुसरा

बुसरा कोंबडीचं वर्णन करायचं, तर आधी विचारावं लागतं, कोणत्या बुसऱ्याचं? अंग बहुतेक पांढरं. मानेवर, पाठीवर आणि शेपटीत काळं मिसळलेलं, खांद्यांवर अन् पंखांवर तांबूस तपकिरी. पण ही मिसळण प्रत्येकीची निराळी. एका डालग्याखालून चार बहिणी बाहेर काढल्या तर चार घरच्या वाटाव्यात. सारखा असतो तो डोक्यावरचा एकेरी लाल तुरा, आणि अनोळखी पाऊल वाजलं की मान ताठ करून उभं राहण्याची सवय. वजन किलोभर. कोंबडा फार तर सव्वा किलो भरेल, पण चालतो तीन किलोंच्या तोऱ्यात.

तिचा मुलूख आमच्यापासून लांब नाही. नामपूरहून साक्रीकडे निघालं, की पुढे नवापूर-नंदुरबारचा आणि सीमेपलीकडे सुरतेकडचा जो आदिवासी पट्टा लागतो, तो हिचा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे, महाराष्ट्र आणि गुजरात अशा दोन्ही राज्यांच्या नावावर. मोसम नदीकाठच्या आमच्या गावात मात्र कांद्याचा भाव तोंडपाठ असलेल्या माणसाला बुसरा दाखवली, तर तो म्हणेल, "गावरान आहे की." बाईला आडनाव आहे, पण त्या नावानं हाक कुणी मारत नाही.

हे सगळं निघालं भाचीमुळे. तिला प्रदर्शनात कोंबडी मांडायची आहे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत (आमच्या शेजारचं मालेगाव नव्हे) घोडे, कुत्रे यांच्याबरोबर कोंबड्यांचंही प्रदर्शन भरतं, हे तिनं कुठंतरी ऐकलं. तिला अर्थातच कडकनाथ हवा होता. मोबाइलवर फोटो दाखवून म्हणाली, "मामा, हाऊ तं आख्खा काया शे!" खरंच आहे. तुरा काळा, जीभ काळी, मांस काळं. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढच्याच वर्षी कडकनाथ-पालनाच्या नावाखाली शेतकऱ्यांना फसवणारा इस्लामपूरचा घोटाळा उघडकीस आला. त्यात बिचाऱ्या पक्ष्याचा काही दोष नाही. पण त्याचं अंडं काळं नसतं, हे सांगितल्यावर भाचीचा अर्धा उत्साह ओसरला.

असीलचा विचार मीच मोडीत काढला. उंच, रुबाबदार, परीक्षकाचे डोळे आपसूक वळवणारा. पण दोन नर जवळ आले की रक्त काढणार, आणि साडेतीन-चार किलोंचा फडफडता असील चौथीतल्या मुलीच्या काखेत राहत नाही. गिरिराजा, वनराजा ही अंड्या-मांसासाठी संशोधन केंद्रांत तयार केलेली वाणं. घरच्या उत्पन्नाला चांगली. पण 'हिचं कूळ काय?' या प्रश्नाला त्यांच्याकडे प्रयोगशाळेचा पत्ता असतो.

विलायतेत 1845 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं, आणि पुढं वीस वर्षांत तिथं प्रत्येक जातीचे गुण-दोष मांडणारं पुस्तकही निघालं. तुऱ्याला इतके दात, पायाला अमुकच रंग. तिकडं मुलांच्या हाती बहुधा बँटम देतात, कारण ती लहान असते आणि हाताळायला सोपी. आमच्याकडं ती जागा बुसरा सहज घेईल. फक्त पुस्तकात बसणार नाही. गणवेश न घालता कवायतीला उभी राहिलेली पोर ती. परीक्षकानं रंग मोजायला घेतले तर हिचे गुण कापले जाणार. मला तेच आवडतं. तिला गुण द्यायचे तर डोळ्यांतली चमक, छातीचं हाड, पायांची स्वच्छता आणि पिसांची घट्ट बैठक पाहावी लागेल, म्हणजे कोंबडी पाहावी लागेल.

तिच्यावर एक वाईट वेळ येऊन गेली. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापुरात, म्हणजे ऐन तिच्या माहेरात. रोग मोठ्या शेडमध्ये सापडला, पण आसपासच्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. वर्षाला जेमतेम चाळीस-पन्नास लहानशी अंडी देणारी जात. खुराडं पुन्हा भरायला तिला किती हंगाम लागले असतील? लेयर कोंबडी तीनशेच्या आसपास अंडी देते, म्हणून हिशेबी माणूस बुसऱ्याकडं वळत नाही. त्याचंही चुकत नाही.

भाचीनं शेवटी एक तलंग निवडली, तीही मी सुचवलेली नव्हे. डाव्या पंखावर जास्त तांबडी असलेली. आता रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेणं चाललंय, कारण परीक्षक पिंजऱ्यातून काढून पंख उलगडतो तेव्हा ओरडणारा पक्षी तिथंच हरतो. राणीखेत रोगाची लस झाली आहे. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी कोमट पाण्यानं पाय धुवायचे, पिसांच्या मुळाशी उवा पाहायच्या, आणि परत आल्यावर दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळी ठेवायची. या शेवटच्या अटीवर वाद झाला. एकटीला करमणार नाही, असं भाचीचं म्हणणं. मग दुसरी सोबतीला न्यायची ठरली. ती मुळीच हातात येत नाही, पण गाडीचं भाडं तेवढंच आहे.