चेसीला हात लावण्याआधी

पिकअप खाली बसवण्याच्या प्रकारावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. वाचकांना समजेल एवढंच तांत्रिक लिहा, अशी पुस्तीही जोडली. प्रयत्न करतो. होकार द्यायचं कारण मात्र एक गाडी आहे.

लग्नसराईत सेनगावकडचा एक तरुण पिकअप घेऊन गॅरेजवर आला. डीजेचा धंदा. म्हणाला, "काका, मागून पाच-सहा इंच खाली करून द्या. बॉक्स चढवले की गावातल्या तारा लागायलेत." मागणी हौसेची नव्हती. विजेच्या तारेखालून उंच गाडी काढणं म्हणजे जिवाशी खेळ, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. तरी मी नाही म्हणालो. त्याने ते काम दुसरीकडे करून घेतलं आणि दोन महिन्यांनी तीच गाडी माझ्याकडे आली. उजव्या बाजूची चेसी मागच्या चाकाच्या वर तडकलेली होती. तडा बोटाने चाचपता येत होता.

पिकअपची चेसी शिडीसारखी असते. दोन लांब सी चॅनल आणि त्यांना जोडणारे आडवे बार. भार पडला की चॅनल वाकतं. त्याची एक आडवी पट्टी ताणली जाते, दुसरी दाबली जाते. खड्ड्यात गाडी उसळली की उलट. चॅनलची ताकद मुख्यतः या वरच्या-खालच्या पट्ट्यांत आणि त्यांच्यामधल्या अंतरात असते. मधली उभी भिंत त्यांना एकमेकींपासून दूर धरून ठेवते.

आता गाडी खाली आणायची कशी? मागचे स्प्रिंगचे पाटे बहुतेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलच्या हौसिंगच्या वर बसलेले असतात. ते सोडून हौसिंगच्या खाली बांधले की हौसिंगची जाडी आणि पाट्यांची जाडी मिळून गाडी पाचेक इंच खाली येते. पण तेवढंच हौसिंग चेसीच्या जवळ जातं. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ते चेसीवर आदळतं. म्हणून चेसीच्या खालच्या बाजूला अर्धगोल खाच कापतात. म्हणजे नेमकी खालची पट्टी तिथे संपते आणि चॅनलची उंचीही घटते. खाचेच्या गोलाईने जाड पट्टी वळवून नवी खालची पट्टी तयार केली आणि दोन्ही अंगांना पुढे-मागे लांबवर प्लेट दिली, तरच ती जागा भार पेलते. हे काम नीट कसं करतात ते मला येतं, आणि जिल्ह्यात ते नीट करणारे हात फार नाहीत, हेही मी जाणतो.

त्या गाडीत खाच गॅस कटरने चौकोनी कापली होती. कोपरे तीक्ष्ण. वरून एक चौकोनी प्लेट आणि तिच्या चारही बाजूंनी भरघोस वेल्डिंग. इथे मला थोडं लांबण लावावंच लागेल, कारण या एका मुद्द्यावर मी कित्येक मिस्त्र्यांशी भांडलो आहे. "मूळ लोखंडापेक्षा वेल्डिंग घट्ट असतं," हे वाक्य हिंगोलीपासून वारंगा फाट्यापर्यंत कुठल्याही शेडमध्ये ऐकायला मिळेल. वेल्डिंग घट्ट असतंही. तुटतं ते त्याच्या शेजारचं लोखंड, उष्णतेने ज्याचा मूळ गुण बदललेला असतो. चॅनलवर उभी सरळ रेघ वेल्ड केली की ही बिघडलेली जागा वरपासून खालपर्यंत सलग होते आणि तडा तिच्याच कडेने धावतो. म्हणून प्लेटची टोकं तिरकी कापायची आणि वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग टाळायचं. वेल्डिंगचा रॉडसुद्धा 7018 चा, तोही कोरडा ठेवलेला. दुकानात सहज मिळणारा 6013 खिडकीच्या ग्रिलला उत्तम आहे, चेसीला नाही. पावसाळ्यात ओल धरलेला रॉड तर हायड्रोजन आत सोडतो आणि तडा काही तासांनी, कधी काही दिवसांनी आतल्या आत सुरू होतो. अनेक कंपन्या ट्रकच्या चेसीचे आडवे बार रिव्हेटने का जोडतात, याचा विचार करा.

आणि हे सगळं बिनचूक केलं तरी मी त्या मुलाला नाहीच म्हणालो असतो. कारण ब्रेक.

अनेक मालवाहू गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह चेसीला, आणि त्याची काडी हौसिंगला. माल भरला की चेसी खाली येते, काडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. रिकाम्या गाडीत कमी. तुम्ही गाडी कायमची पाच इंच खाली आणली की व्हॉल्व्हला ती कायम भरलेली वाटते. रिकाम्या गाडीचा ब्रेक ओल्या रस्त्यावर जोरात दाबला की मागची चाकं जागीच अडकतात आणि गाडी आडवी होते.

याची उलट बाजू मला जास्त छळते. डीजेवाल्या पोरांना सगळे नावं ठेवतात. पण सोयाबीन नि हळदीच्या हंगामात हिंगोली आणि वसमतच्या मोंढ्यात उभ्या पिकअप वाकून पाहा. जादा पाटा टाकलेल्या गाड्या सहज सापडतील. पोती जास्त बसावीत, गाडी मागे बसू नये, म्हणून. तिथे चेसी भरल्यावरही वरच राहते. व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते. दीड-दोन टन माल पाठीवर आणि मागचे ब्रेक अर्धे! औंढ्याच्या उतारावर सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि मग "ब्रेक फेल झाला" म्हणून ड्रायव्हरला दोष.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. तरी लोक विचारतात, "आरटीओत नोंद करून घेतली तर?" चेसी कापल्याची नोंद करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

मोबाइलवर अमेरिकेतल्या खाली बसवलेल्या गाड्या पाहून पोरं येतात. तिथेही हा वाद जुना आहे. रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा भाग खाली नको, असा कायदा कॅलिफोर्नियात 1958 मध्ये लागू झाला. पुढच्याच वर्षी रॉन अगीरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिकचे भाग बसवले, म्हणजे पोलीस दिसला की गाडी वर घेता यावी. हुशारी मान्य. पण त्या गाडीने कधी पोती वाहिली नाहीत.

सेनगावच्या मुलाची चेसी मी दुरुस्त केली नाही. कापलेल्या चेसीवर पुन्हा प्लेट चढवून ती डीजेच्या वजनाखाली रस्त्यावर सोडणं मला पटलं नाही. ती बदलावी लागेल, असं सांगितलं. तो नाराज होऊन गेला. त्याच्या अडचणीवर उपाय होता: बॉक्स एकावर एक न रचता आडवे मांडायचे आणि वरचा लोखंडी सांगाडा कमी उंचीचा करायचा. चेसीला कटर लावायची गरजच नव्हती.

पिकअपवाल्यांना एकच विनंती. तुमच्या गाडीत हौसिंगपासून चेसीकडे जाणारी ती काडी आहे का, ती जागेवर आहे की कुणी तारेने बांधून टाकली आहे, हे आपल्या मिस्त्रीला विचारा. आणि जादा पाटा टाकला असेल, तर या हंगामाचं पहिलं पोतं भरण्याआधी तो काढून घ्या.