‘इतर’ नावाचा कॉलम

माझ्या लॅपटॉपमध्ये ‘बाबा एप्रिल’ नावाची एक एक्सेल फाइल आहे. तारीख, ताप, ऑक्सिजन लेव्हल, किती लिटर ऑक्सिजन सुरू आहे, सीआरपी, डॉक्टर काय म्हणाले, असे सहा कॉलम. सातव्याचं नाव ‘इतर’. तो मी इन्शुरन्ससाठी केला होता. कुठलं बिल कधी भरलं वगैरे लिहायला. पहिले तीन दिवस तसंच लिहिलंय. चौथ्या दिवशी, म्हणजे १२ एप्रिल २०२१ ला, तिथे लिहिलंय : ‘करंजाची पानं. पार्किंग.’ बिलाचा उल्लेख नाही.

तो एप्रिल कसा होता हे सांगायची गरज नाही, ज्याची त्याची गोष्ट ज्याच्या त्याच्याकडे आहे. आमची एवढीच : बाबा पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर. आई पॉझिटिव्ह, घरातच बेडरूममध्ये बंद. मला जानेवारीत होऊन गेला होता, त्यामुळे पळापळ करायला मी. वय चोवीस, पहिलीच नोकरी. सकाळी साडेदहाचं स्टँडअप हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बसून मोबाइलवर. कॅमेरा बंद, आवाज म्यूट, मागे ॲम्ब्युलन्स.

नातेवाइकांना वर सोडत नव्हते. डबा आणि गरम पाण्याचा थर्मास खाली मावशींच्या हातात द्यायचा आणि वॉर्डातून फोन येईपर्यंत थांबायचं. फोनवर एक आकडा कळायचा. ८८. ९१. ८९. आकडा वाचायचा आणि त्यावर काहीतरी करायचं, माझं सगळं शिक्षण एवढंच शिकवतं. सर्व्हरचा सीपीयू ९० टक्क्यांवर गेला तर काय करायचं ते मला माहीत आहे. बाबांचा ऑक्सिजन ९० च्या खाली आला तर करण्यासारखं काहीही माझ्या हातात नव्हतं. तरी मी रोज आलेख काढायचे आणि त्याच्याकडे बघत बसायचे.

पार्किंगच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या शेडपलीकडे एक झाड होतं. तीन दिवस मी त्याच्या सावलीत गाडी लावत होते, पण झाड बघितलं नव्हतं. चौथ्या दिवशी वॉचमन काका म्हणाले, “ताई, उन्हात नका हुबं राहू. हितं करंजाखाली बसा, गार असतंय.” काका बीडकडचे. या झाडाच्या बियांचं तेल त्यांच्याकडे बैलाच्या अंगाला लावतात, खरजेवर, हेही त्यांनीच सांगितलं. मी वर बघितलं.

करंज तुम्ही नक्की पाहिलाय. पुण्यात तर रस्तोरस्ती आहे. पाहिलाय पण ओळखला नसेल, कारण पळसासारखं लक्ष वेधून घेणं त्याच्या स्वभावात नाही. वर्षभर तो एक धुळकट हिरवं झाड असतो. मार्चच्या आसपास पानं गाळतो, थोडेच दिवस उघडाबोडका राहतो आणि मग एकदम पोपटी होतो. इतका ताजा पोपटी की पानं कुणीतरी तेलाच्या बोटांनी पुसून ठेवल्यासारखी वाटतात. खालून बघितलं तर ऊन पानातून गाळून येतं. त्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही दहा-बारा जण बसलेलो असायचो, प्रत्येकाच्या मांडीवर एक डबा आणि हातात फोन, आणि सगळ्यांच्या पांढऱ्या मास्कवर तो पोपटी उजेड पडलेला. विचित्रच दिसायचं ते. सुंदर म्हणायची हिंमत तेव्हा झाली नाही, आता म्हणते.

रात्री झोप यायची नाही तेव्हा बातम्या वाचण्याऐवजी मी याबद्दल वाचायला लागले. प्रश्न साधा होता : ३८-३९ डिग्रीत, पाऊस थांबून सहा महिने होत आलेले असताना, झाडाला नवी पानं काढायची बुद्धी होतेच कशी?

उत्तर इंजिनीअरला आवडेल असं निघालं. जुनी पानं गाळली की पानांवाटे उडून जाणारं पाणी वाचतं. मुळं खोलातून जे थोडंथोडं ओढतात ते खोडात साठत जातं, आणि त्या शिलकीवर नवी पालवी फुटते. पाऊस येणार जूनमध्ये. तो आल्यावर पानं करायला घेतली तर पावसाळ्याचे सुरुवातीचे आठवडे फुकट जातील, म्हणून पानं आधीच तयार. पळस, पांगारा, काटेसावर तर तेव्हा पानांचा खर्चही करत नाहीत, नुसत्या फांद्यांवर फुलतात.

वसंत म्हणजे काय हे मी लहानपणी कॅलेंडरवरच्या फोटोंतून शिकले. बर्फ वितळलाय, ओढा वाहतोय, गवतात पिवळी फुलं. तिकडे वसंत येतो तो परिस्थिती सुधारली म्हणून. थंडी संपते, पाणी मोकळं होतं, मग झाडं जागी होतात. आपल्याकडे उलटं आहे. धरणं तळाला चाललेली, जमीन भेगाळलेली, ऊन रोज चढतंय, आणि नेमकी तेव्हाच पालवी. आपला वसंत सगळं बिघडत चाललेलं असताना येतो. ‘हेही दिवस जातील’ छापाचे मेसेज तेव्हा व्हॉट्सॲपवर ढिगाने यायचे आणि मला त्यांचा त्रास व्हायचा, कारण जाणार की नाही हे पाठवणाऱ्याला कुठे माहीत होतं? करंज तसलं काही सांगत नव्हता. खोडात जेवढं होतं तेवढ्यावर त्याचं काम चालू होतं. मला त्याच्याखाली बसवायचं ते एवढ्यामुळेच.

१३ तारखेला पाडवा होता. गुढी मी एकटीने उभारली, वाकडीच झाली. सोसायटीच्या गेटजवळच्या कडुनिंबालाही नुकती पालवी आली होती, त्याचे चार डहाळे तोडून आणले. पाडव्याला कडुनिंब खायचा तो का, याची आरोग्याची कारणं सगळे सांगतात. मला वाटतं, तेव्हा तो सगळ्यात कोवळा असतो हेच पहिलं कारण असावं. पानं, गूळ, ओवा वाटून वाटीत घातलं आणि बेडरूमच्या दाराबाहेर स्टुलावर ठेवलं. आईने आतून वाटी घेतली. थोड्या वेळाने आवाज आला, “काहीच लागत नाही गं. ना कडू, ना गोड.”

तोंडाची चव जाणं ही तिच्या आजारातली सगळ्यात किरकोळ गोष्ट होती, पण ती त्यानेच खचली. मग आमचा एक खेळ सुरू झाला. रोज सकाळी मी निंबाची दोन कोवळी पानं स्टुलावर ठेवायची. ती चावायची आणि दाराआडून सांगायची, “नाही.” फाइलमध्ये आहे ते सगळं. ‘आई : नाही. करंज : कळ्या.’ ‘आई : नाही. बाबा १० लिटर.’

२१ तारखेला सोलापूरला मामा गेला. आईचा धाकटा भाऊ. चार दिवसांपूर्वीपर्यंत तोच मला फोन करून धीर देत होता. मी आईला बंद दाराबाहेर उभी राहून सांगितलं. असं कुणाला काही सांगायची वेळ येऊ नये. दुपारी डबा द्यायला गेले तर करंज फुलला होता. मटाराच्या फुलासारखी बारीक फुलं, पांढरी, थोडी जांभळट. गाड्यांच्या टपांवर, ॲम्ब्युलन्सवर, खुर्च्यांवर लाह्या सांडाव्यात तसा सडा, आणि वर मधमाश्यांचा एकसारखा आवाज. मला त्या झाडाचा इतका राग आला की मी दिवसभर गाडीत बसून राहिले, काचा वर करून. निसर्गात मन रमवा, असं म्हणणाऱ्यांनी हाही दिवस हिशोबात धरावा. त्या दिवशीचा सातवा कॉलम रिकामा आहे.

त्यानंतर दोन दिवस मी पानं ठेवली नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनेच आतून विचारलं, “आज निंब नाही आणलास?” मी पळत जाऊन आणला. दाराला कान लावून उभी होते. बराच वेळ काही नाही. मग ती म्हणाली, “कडू आहे गं. केवढा कडू आहे!” आणि रडायला लागली. मामा गेल्यापासून ती रडली नव्हती. मीही दाराबाहेर जमिनीवर बसले. आम्ही दोघी दाराच्या दोन बाजूंना किती वेळ बसलो होतो ते काही लिहून ठेवलेलं नाही.

२६ तारखेला बाबा घरी आले, आठ किलोने कमी होऊन, सोबत भाड्याचं ऑक्सिजन मशीन घेऊन. महिन्याभराने, ते नीट बोलायला लागल्यावर, मी त्यांना ती फाइल दाखवली. करंजाचं सांगितलं. त्यांच्या खिडकीच्या बरोबर खालीच होतं ते झाड, दिसत होतं का, म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, “झाडबिड काही नाही दिसलं. पण एक कोकिळा होती, तिने जीव नकोसा केला होता. खिडक्या उघड्या ठेवायचे ना. पहाटे साडेचारला सुरू व्हायची.”

मी म्हटलं, ओरडतो तो नर असतो, कोकीळ.

“नर असू दे नाहीतर मादी,” बाबा म्हणाले, “झोपू दिलं नाही एक दिवस.”

त्यांना अजूनही कोकिळेचा राग येतो. मार्च संपता संपता पहिली हाक ऐकू आली की ते उठून खिडकी लावून घेतात, आणि आई मागून जाऊन ती पुन्हा उघडते.